परांची एकदाच बांधावी

26 नोव्हेंबर 1703च्या रात्री दक्षिण इंग्लंडवरून जे वादळ गेलं, त्याच्या हकिकती त्या देशात अजून सांगितल्या जातात. सॉमरसेट परगण्यातल्या वेल्स गावी (वेल्स नावाचा प्रांत निराळा) बिशप रिचर्ड किडर आणि त्यांची पत्नी आपल्या वाड्यात झोपले होते. वाऱ्याने वाड्याच्या दोन चिमण्या उलथल्या, त्या छप्पर फोडून आत आल्या आणि दोघांचा बिछान्यातच अंत झाला. लंडनमध्ये सुमारे 2000 चिमण्या कोसळल्या. राणी ॲनला सेंट जेम्स राजवाड्याच्या तळघरात नेऊन बसवावं लागलं. एडिस्टन खडकावरचं दीपगृह तर ते बांधणाऱ्या हेन्री विन्स्टन्लीसकट समुद्रात गेलं. दुरुस्तीच्या कामासाठी तो नेमका त्याच रात्री तिथे मुक्कामाला होता.

डॅनियल डिफो तेव्हा नुकताच तुरुंगातून सुटला होता. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहायला अजून बरीच वर्षं होती. त्याने वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन गावोगावच्या लोकांकडून वादळाच्या हकिकती मागवल्या आणि 1704मध्ये ‘द स्टॉर्म’ हे पुस्तक काढलं. पुस्तकात मृत्यू आहेत, बुडालेली जहाजं आहेत. पण घरदुरुस्ती करणाऱ्याने वाचावा असा भाग बाजारभावांचा आहे. वादळाआधी हजार साध्या कौलांना 21 शिलिंग पडत. वादळानंतर तोच भाव 6 पौंडांवर, म्हणजे जवळजवळ सहापट झाला. गवंडी दिवसाला 5 शिलिंग मागू लागले. ज्यांना हे परवडेना त्यांनी छपरावर लाकडी फळ्या ठोकून दिवस काढले, आणि कितीतरी घरं तो सगळा हिवाळा उघडीच राहिली.

तीनशे वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही. मोठं वादळ झालं की आजही ब्रिटनमध्ये छपरावर काम करणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर भाव वाढवून सांगतो, आणि दारोदार फिरणारे भामटे याच दिवसांत उगवतात. त्यामुळे वादळात मोडलेली चिमणी थोडक्या पैशांत कशी सावरायची, याचं अर्धं उत्तर गवंडीकामात आहे आणि अर्धं कोणतं काम आज करायचं नि कोणतं थांबवायचं हे ओळखण्यात.

मराठी वाचकाला चिमणीशी काय कर्तव्य, असं वाटेल. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांतल्या शेकोट्या आणि गिरणगावातली धुराडी सोडली तर आपल्याकडे घराच्या छपरावर विटांचा मनोरा नसतो. पण ब्रिटनमध्ये नोकरीला गेलेली कितीतरी मराठी माणसं आता तिथे घरं घेतात, आणि परवडणारं घर बरेचदा राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, एकाला एक चिकटलेल्या रांगेतलं असतं. त्या घराबरोबर सव्वाशे-दीडशे वर्षांची चिमणीही विकत येते. घर बघताना स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बघितलं जातं. मान वर करून चिमणीकडे फार थोडे बघतात.

आधी तिची रचना. छपराच्या वर दिसणाऱ्या विटांच्या चौकोनी खांबाला तिथले लोक ‘स्टॅक’ म्हणतात. त्याच्या पोटात धुराच्या नळ्या असतात, त्या ‘फ्लू’. साधारणपणे प्रत्येक शेकोटीला एक. स्टॅकच्या माथ्यावर भाजलेल्या मातीची नळकांडी बसवलेली असतात, ती ‘पॉट’. पॉटच्या बुडाशी पाणी साचू नये म्हणून चहूबाजूंनी मसाल्याचा उतार दिलेला असतो, त्याला ‘फ्लॉन्चिंग’ म्हणतात. आणि स्टॅक जिथे छपरातून बाहेर येतो तिथल्या सांध्यावर शिशाच्या पत्र्याची पट्टी वाकवून बसवतात, ती ‘फ्लॅशिंग’. ही तीन-चार नावं पाठ असली की गवंड्याने पाठवलेला अंदाजपत्रकाचा कागद वाचता येतो, आणि कोणतं काम खरं, कोणतं भरतीचं, हेही थोडंफार कळतं.

आता वाऱ्याचा हिशेब करून पाहू. एका बाजूने 75 सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूने 43 सेंटिमीटर, दोन फ्लू असलेला, छपराच्या वर दीड मीटर उंच असा एक साधा स्टॅक घ्या. फ्लूची पोकळी वजा करून त्याचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं. ताशी 108 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला 30 मीटर. त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 56 किलो. रुंद बाजूवर वारा आला आणि मागच्या बाजूला निर्माण होणारी ओढही धरली, तरी उलथवणारा जोर स्टॅकच्या वजनाने मिळणाऱ्या रोधाच्या निम्म्याहून कमी भरतो. म्हणजे सांध्यांत मसाल्याची पकड अजिबात नाही असं मानलं, तरी निव्वळ वजनावर हा स्टॅक उभा राहायला हवा. दाब मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला 50 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटरला तोच दाब 156 किलो होतो आणि मग वजन एकटं पुरत नाही, मसाल्याची पकड लागते. 18 फेब्रुवारी 2022ला युनिस वादळात आइल ऑफ वाइट बेटाच्या टोकाला, नीडल्स इथे, ताशी 196 किलोमीटरचा झोत नोंदवला गेला. इंग्लंडमधला तो उच्चांक. पण तो समुद्रात घुसलेल्या उघड्या कड्यावरचा. शहरातल्या गल्लीत वारा त्याहून बराच कमी असतो, आणि तरीही त्या दिवशी अशा गल्ल्यांतून चिमण्या पडल्या.

तेव्हा वादळात पडलेल्या बहुतेक चिमण्या वादळाआधीच गेलेल्या असतात. त्यांना पाण्याने मारलेलं असतं.

स्टॅक हा घराचा सर्वांत उघडा भाग. भिंतीला एका बाजूने पाऊस लागतो. याला चारी बाजूंनी आणि माथ्यावरूनही. फ्लॉन्चिंगला केसाएवढी चीर पडली की पाणी आत उतरतं. रात्री थंडी शून्याखाली गेली की त्या पाण्याचा बर्फ होतो, आणि बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. इंग्लंडचा हिवाळा एकदाच कडक गोठून वसंतात वितळत नाही. तिथे एकाच आठवड्यात दोन-तीनदा गोठणं-वितळणं चालतं, आणि प्रत्येक वेळी चीर किंचित रुंदावते. हा एक आजार.

दुसरा रासायनिक आहे आणि मला तो जास्त गमतीचा वाटतो. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असतं. फ्लूच्या आतल्या अंगाला काजळी आणि ओल मिळून गंधकाचे क्षार, म्हणजे सल्फेट, तयार होतात. स्टॅकचे सांधे पोर्टलंड सिमेंटने भरलेले असतील, तर हे सल्फेट ओलीबरोबर झिरपत त्या सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटला गाठतात आणि त्यांच्यापासून एट्रिंगाइट नावाचं स्फटिक बनतं. त्याला आधीच्यापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून सांधा फुगतो. जी बाजू जास्त वेळ ओली राहते तिथले सांधे जास्त फुगतात, ती बाजू उंच होते आणि स्टॅक दुसरीकडे कलू लागतो. जुन्या वस्त्यांतून फिरताना एकाच रांगेतल्या चार-पाच चिमण्या एकाच दिशेला वाकलेल्या दिसल्या, तर त्यांना वाऱ्याने वाकवलंय असं समजू नये.

या दोन्ही आजारांना ओल लागते. कमी पैशांत दुरुस्ती करणाऱ्याने पैसा कुठे घालायचा, ते यावरून ठरतं: पाणी अडवणाऱ्या कामावर आधी, रूपावर नंतर.

वादळ झाल्याच्या सकाळी मात्र पहिलं काम पैशांचं नसतं. चिमणीखालच्या खोलीत कुणी झोपायचं नाही, आणि शेगडी किंवा स्टोव्ह पेटवायचा नाही. फ्लूमध्ये विटा पडून तो तुंबला असेल तर धूर वर न जाता घरात परततो, आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. गॅसचा बॉयलर त्याच फ्लूला जोडलेला असेल तर तोही बंद. विटा रस्त्याच्या किंवा फुटपाथच्या बाजूला पडायची भीती असेल तर खालची जागा दोरी लावून अडवायची आणि शेजाऱ्यांना सांगायचं. शिडी लावून आपण वर चढायचं नाही. खर्च वाचवायच्या नादात हे करणारे असतात. ओल्या स्लेटच्या छपरावरून पाय घसरला तर चिमणीचा खर्च किरकोळ वाटावा इतका दवाखान्यातला मुक्काम पडतो.

वर न चढताही पुष्कळ कळतं. रस्त्याच्या पलीकडून दुर्बिणीतून, नाहीतर फोनचा कॅमेरा मोठा करून चारी अंगांनी फोटो काढावेत. पॉट सरळ आहेत का, फ्लॉन्चिंगचे तुकडे निघालेत का, वरचे दोन-तीन थर सरकलेत का, शिशाची पट्टी उचकटली आहे का. स्टॅक कललाय अशी शंका असेल तर जुना ओळंबा कामाला येतो: दोरीला वजन बांधून हात लांब करून डोळ्यासमोर धरावी आणि दोरीच्या रेषेशी स्टॅकची कड ताडून बघावी. मग पोटमाळ्यावर टॉर्च घेऊन जावं. चिमणीच्या अंगाला ओल, वाशांवर नवे डाग, छपराच्या फटीतून दिसणारा उजेड, पडलेला चुरा, हे सगळं टिपून ठेवावं. आणि पोटमाळ्यावर एक गोष्ट आवर्जून बघावी. कितीतरी घरांत आधीच्या मालकाने खोली मोठी करायला खालची शेकोटीची भिंत पाडलेली असते. वरचे सहा-सातशे किलो मग कशावर टेकलेत? पोलादी तुळईवर किंवा नीट हिशेबाने बसवलेल्या टेकूवर असतील तर ठीक. दोन लाकडी फळ्यांवर असतील तर गवंड्याच्या आधी इमारतीची ताकद तपासणारा अभियंता बोलवायचा. तिथे कंजुषी नको.

हे फोटो विम्यासाठीही लागतात. ब्रिटनमधल्या विमा कंपन्यांच्या संघटनेने वादळाची व्याख्या केलेली आहे: निदान ताशी 55 मैल, म्हणजे सुमारे 88 किलोमीटर वेगाचे झोत. कंपनी त्या दिवसाची हवामानखात्याची नोंद बघते. झोत तेवढे असले तरी प्रश्न संपत नाही, कारण हळूहळू झालेली झीज कोणत्याच पॉलिसीत बसत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे बहुतेक चिमण्यांत झीज ही असतेच. दावा नाकारला गेला तर तिथल्या फायनान्शियल ओम्बुड्समनकडे ग्राहकाला फुकट दाद मागता येते. ते तीन गोष्टी तपासतात: त्या वेळी वादळ होतं का, झालेलं नुकसान वादळाने होतं तसंच आहे का, आणि मुख्य कारण वादळच होतं का. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक दावे अडतात. वादळाआधी चिमणी ठीक होती हे दाखवणारा तारखेचा एखादा फोटो हाती असेल तर तिथे बोलायला आधार मिळतो. घर घेताना सर्व्हेअरने दिलेला अहवाल कपाटात कुठेतरी असतो, तो काढावा. त्यात चिमणी चांगली असं लिहिलेलं असेल तर उत्तम. दुरुस्तीची गरज लिहिलेली असेल तर कंपनीही तोच कागद मागेल, हे धरून चालावं.

आता दुरुस्ती. बिलात सर्वांत मोठा आकडा बहुतेक वेळा परांचीचा असतो. चुना, वाळू, चार-दोन डझन विटा यांची किंमत त्यापुढे किरकोळ. छपरावर चिमणीभोवती मजबूत पहाड बांधायचा म्हणजे जमिनीपासून पोलादी नळ्या उभ्या करायच्या, छपरावर फळ्यांचं व्यासपीठ करायचं, पुन्हा ते सगळं उतरवायचं. खाली फुटपाथ असेल तर पालिकेचा परवाना वेगळा. म्हणून परांची बांधायची ती एकदाच, आणि बांधली की वरची सगळी कामं त्यातच उरकायची. फुटलेल्या स्लेट बदलणं, पन्हळ साफ करणं, आढ्याची कौलं पक्की करणं, टीव्हीची जुनी अँटेना उतरवणं. यंदा फ्लॉन्चिंग आणि पुढच्या वर्षी फ्लॅशिंग असं हप्त्याहप्त्याने केलं, तर दोन कामांपेक्षा दोन परांच्याच महाग पडतात.

यातली खरी बचत शेजाऱ्याकडे आहे. रांगेतल्या घरांचा स्टॅक दोन घरांच्या मधल्या भिंतीवर असतो, अर्धा यांचा, अर्धा त्यांचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996च्या पार्टी वॉल कायद्याखाली अशा सामाईक स्टॅकच्या बऱ्याच कामांना शेजाऱ्याला आधी लेखी सूचना द्यावी लागते. कटकट वाटली तरी सूचना घेऊन जाताना खर्चाचं बोलणंही काढावं. त्याच्याही बाजूचे सांधे तितकेच सुटलेले असतात. परांची दोघांत वाटली तर तिचा बोजा निम्मा होतो. घर संरक्षित यादीतलं किंवा जतनक्षेत्रातलं असेल तर उंची कमी करण्याआधी किंवा रूप बदलण्याआधी स्थानिक परिषदेला विचारणं भाग आहे.

वादळं येतात शरद ते हिवाळ्यात, आणि चुन्याचं काम व्हायला हवं उन्हाळ्यात. हाच मोठा पेच. चुन्याला सेट व्हायला वेळ लागतो; तापमान 5 अंशांच्या खाली गेलं किंवा ओल्या सांध्यावर दहिवर गोठलं, तर सगळं काम चुरा होऊन पडतं. म्हणून हिवाळ्यात फक्त धोका उतरवायचा: सुटे पॉट आणि सैल थर खाली घ्यायचे, पक्क्या थरापर्यंत यायचं, वरून फळी आणि ताडपत्री घट्ट बांधायची. फ्लॅशिंग उचकटलं असेल तर बिटुमेनची चिकट पट्टी दोन-चार महिने चालते. कायमचं काम एप्रिलनंतर. मधल्या काळात बाजार शांत होतो आणि भावही उतरतात. परांची एकदाच बांधावी या नियमाला हा अपवाद झाला असं वाटेल. पण सुटे थर उतरवायला बरेचदा उचलपाळण्याची गाडी काही तासांपुरती भाड्याने घेऊन भागतं, पूर्ण पहाड लागत नाही.

उतरवलेल्या विटा टाकून द्यायच्या नाहीत. जुन्या इंग्रजी विटा साधारण 9 इंच लांब आणि जवळजवळ 3 इंच जाड. आजची वीट 215 मिलिमीटर लांब, 65 मिलिमीटर जाड. नवी वीट जुन्या कामात घातली की थर जुळत नाहीत आणि जाड सांधे भरून ते लपवावं लागतं. जुन्या विटा चुन्यात बसवलेल्या असतील तर छिन्नी आणि हातोडीने चुना सहज सुटतो. हे काम घरातली माणसं रविवारी अंगणात बसून करू शकतात. या सगळ्या प्रकरणात मजुरी वाचवायची निर्धोक जागा ही एवढीच. मात्र जी बाजू फ्लूकडे होती ती काजळीने माखलेली असते. ती बाहेर फिरवून बसवायचा मोह आवरावा, नाहीतर तपकिरी डाग वर्षानुवर्षं पाझरत राहतात.

मसाल्याबद्दल मात्र थोडं हट्टाने सांगायला हवं, कारण घाईच्या गवंड्याशी वाद होतो तो इथेच. त्याच्या गाडीत सिमेंट असतं, ते झटपट सेट होतं, स्वस्त असतं, कडक होतं. आणि कडकपणा हाच दोष. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र. तिच्यात शिरलेली ओल चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडते. सांधा सिमेंटने बुजवला की ओल विटेतून निघू बघते, विटेच्या पृष्ठभागामागे गोठते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून पडतो. चुन्याच्या सांध्यात झीज सांध्याची होते, वीट वाचते. सांधा पुन्हा भरता येतो. विटेचं तोंड पुन्हा लावता येत नाही.

चिमणीसाठी तिथे पाण्यातही सेट होणारा नैसर्गिक चुना वापरतात. तो 25 किलोच्या पिशवीत मिळतो आणि त्यावर 2, 3.5 किंवा 5 असा आकडा असतो. आकडा जेवढा मोठा तेवढा मसाला कडक. चिमणीसारख्या उघड्या जागी 3.5 किंवा 5, एका भागाला दोन-अडीच भाग टोकदार कणांची वाळू. समुद्राची गोल वाळू नको. सांधे आधी हाताने खरवडून निदान 25 मिलिमीटर खोल मोकळे करायचे. फिरत्या चकतीचं यंत्र विटेच्या कडा खातं, म्हणून ते लावू द्यायचं नाही. मग पाणी मारून वीट ओली करायची, मसाला घट्ट ठासायचा आणि काही दिवस ओलं गोणपाट लटकवून ठेवायचं. वाऱ्यात उघडा ठेवलेला चुना वाळतो, पण सेट होत नाही. सांधे भरायचं हे तंत्र आपल्या गवंड्यांना नवं नाही. आपल्या किल्ल्यांवर चुना मळायच्या दगडी घाण्या अजून दिसतात, आणि चुन्यात विटकरीची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून तो पाण्याला टिकेल असा करायची युक्ती इकडेही होती, तिकडेही. आपण त्यात गूळ आणि हिरडाही घालत असू. इंग्रज गवंड्याला हे सांगितलं तर तो कितपत विश्वास ठेवेल, सांगता येत नाही.

चुना मळणारा गवंडी मिळालाच नाही आणि स्टॅक अलीकडचा, कडक विटांचा असेल, तर सल्फेट-रोधक सिमेंट चालतं. जुन्या मऊ विटांना नाही.

फ्लॅशिंगला शिसं महाग वाटतं, पण तिथे दुसरं काही घालून फार काळ भागत नाही. ‘कोड 4’ म्हणजे 1.8 मिलिमीटर जाडीचा पत्रा नेहमीच्या कामाला पुरतो. त्याची वरची कड सांध्यात 25 मिलिमीटर आत घालून शिशाच्याच पाचरींनी आवळायची असते. नुसती सिलिकॉनची पिचकारी मारून पट्टी विटेला चिकटवली असेल तर ती पुढच्या वादळात उचकटते. शिसं उन्हात खूप प्रसरतं, म्हणून एक तुकडा दीड मीटरहून लांब नको. चिमणीच्या वरच्या अंगाला, जिथे छपराचं पाणी स्टॅकवर येऊन आपटतं, तिथे एक छोटी पन्हळ केलेली असते. पानं तिथेच साचतात आणि पाणी पोटमाळ्यात उतरतं ते बहुधा याच जागेवरून. परांची आहे तोवर ती उघडून बघायला लावावी.

एक प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायचा असतो: ही चिमणी हवीच आहे का? डिसेंबर 1952मध्ये लंडनवर दाट विषारी धुकं साचून हजारो माणसं मेली, आणि 1956च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर घरोघरची कोळशाची शेकोटी मावळत गेली. पुढे गॅसची उष्णता आली. आज इंग्लंडच्या छपरांवरच्या असंख्य चिमण्यांतून धूर निघत नाही. अशा चिमणीसाठी सगळे थर पूर्वीच्या उंचीला नेऊन नवे पॉट बसवणं ही हौस आहे. चार-पाच थर कमी केले तर वाऱ्याचा उलथवणारा जोर उंचीच्या वर्गाने घटतो, वजन मात्र फक्त उंचीच्या प्रमाणात. तिथल्या इमारत नियमांतही स्टॅकची उंची त्याच्या लहान बाजूच्या साडेचार पटींहून जास्त नसावी असा दंडक आहे. जुने कितीतरी स्टॅक त्या मापात बसत नाहीत. चालू शेगडीचा फ्लू असेल तर मात्र धूर नीट ओढला जाण्यासाठी उंचीचे वेगळे नियम लागतात, तिथे मनाने कापाकापी करायची नाही.

बंद फ्लू वरून गच्च लिंपून टाकायचा नसतो, आणि ही चूक नेहमी होते. काजळीतले क्षार हवेतली ओल ओढून घेतात; आत वारा फिरला नाही तर बैठकीतल्या चिमणीच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग येतात, दमट दिवसांत गडद होतात, कोरड्या दिवसांत फिके. रंगारी दर दिवाळीला त्यावर रंग मारत राहतो. वरून पाऊस अडेल पण हवा जाईल अशी मातीची टोपी, आणि खाली बंद केलेल्या शेकोटीच्या तोंडाशी जाळीची वीट, एवढं पुरेसं आहे. हिवाळ्यात फळी-ताडपत्री बांधलेली नसेल तर टोपी मार्चच्या आत बसवलेली उत्तम. जॅकडॉ नावाचे लहान करडे-काळे कावळे वसंतात फ्लूमध्ये काटक्यांचे भारे टाकून घरटी करतात, आणि 1981च्या वन्यजीव कायद्यानुसार वापरातलं घरटं हलवता येत नाही. पिल्लं उडेपर्यंत परांचीचं भाडं चालू राहील.

कमी पैशांचा हिशेब मग असा लागतो. आधी धोका उतरवणं. मग परांची, शक्यतो शेजाऱ्याबरोबर. त्या परांचीवर फ्लॉन्चिंग, सांधे, फ्लॅशिंग आणि टोपी. नवे पॉट, विटांची नक्षी, रंग जुळवणं हे उरलेल्या पैशांत, आणि उरले नाहीत तर राहू द्यावं. पाणी फेकणारी रसायनं विटांवर फासायला सांगणारे भेटतील. सुटलेले सांधे तसेच ठेवून वरून ती फासली तर आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाट अरुंद होते. तो पैसा चुन्यात घालावा.

दारावर कुणी येऊन ‘समोरच्या गल्लीत काम करत होतो, तुमची चिमणी डोलताना दिसली, आत्ताच्या आत्ता करून देतो’ असं म्हणाला, तर त्याला काम देऊ नका. रोख आगाऊ मागणाऱ्यालाही नाही. तीन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्या, आणि प्रत्येकात चार गोष्टी स्पष्ट लिहून मागा: मसाला कोणता, सांधे किती खोल, शिशाची जाडी किती, परांची किती दिवस. आणि परांची उतरवणारी गाडी दारात येण्याआधी वरच्या कामाचे जवळून काढलेले फोटो ताब्यात घ्या, मगच शेवटचा हप्ता द्या. परांची एकदा उतरली की सांध्यात शिसं नीट बसलंय की नाही, हे खालून कुणालाच दिसत नाही.